गृहिणीच्या डब्यातील पैसा कोठे गेला?

नव्या यंत्रांनी आपल्या कुटुंबजीवनाचे काय केले, हा प्रश्न निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेनेच जाते. दूरचित्रवाणीने घरातील संभाषण संपवले, मोबाइलने उरलेसुरले गिळले, एका छपराखाली चार माणसे चार पडद्यांकडे पाहत बसतात, मुले वाचीत नाहीत आणि वडीलधारी माणसे एकटी पडली आहेत, ही तक्रार एव्हाना सर्वांना मुखोद्गत झाली आहे. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. परंतु या तक्रारीच्या गलबल्यात एक बदल आपल्या नजरेतून पार निसटला आहे. घरात येणाऱ्या पैशाचे रूप गेल्या दहा वर्षांत पालटले, आणि रूप पालटता पालटता तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मी अर्थशास्त्र शिकवतो. पैशाची व्याख्या करताना तो विनिमयाचे माध्यम, मूल्याचे मापन आणि संचयाचे साधन आहे, असे दरवर्षी सांगतो. घरात तो कोणाच्या कनवटीला असतो, हा प्रश्न आमच्या क्रमिक पुस्तकांत नाही. तो असायला हवा, असे आता वाटू लागले आहे.

माझे वडील एका तालुक्याच्या गावी कचेरीत कारकून होते. पहिल्या तारखेस महसुली तिकिटावर सही करून मिळालेला पगार ते तसाच घरी आणीत आणि देवापुढे ठेवीत. तेथून तो आई उचलत असे. मग त्याच्या वाटण्या होत. घरभाडे, वाणी, दूधवाला, शाळेची फी, भिशी. वडिलांच्या चहासुपारीची रक्कमही त्यातूनच त्यांना परत मिळे. शेवटच्या आठवड्यात ती संपली तर मागण्याचा प्रसंग त्यांच्यावर येई, आईवर नव्हे. याखेरीज आईचा स्वतःचा एक डबा होता. रद्दीचे पैसे, भाजीवालीशी घासाघीस करून वाचलेली चाराठ आणे, भाऊबीजेची ओवाळणी, माहेरून निघताना आजीने हातावर ठेवलेली नोट, असे सारे त्यात पडे. तो तांदळाच्या कोठीत, तांदळाखाली असे. डबा आहे हे वडिलांना ठाऊक होते. त्यात किती आहे हे ठाऊक नव्हते. आणि ते विचारावयाचे नाही, हा घराचा अलिखित संकेत होता.

मी शाळेत असताना एका रात्री वडिलांच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या. शस्त्रक्रिया तातडीने करावी लागेल आणि अनामत आधी भरावी लागेल, असे दवाखान्यात सांगण्यात आले. रात्रीचे अकरा वाजले होते. बँक सकाळी उघडणार होती, आणि उघडली असती तरी महिनाअखेरीस तेथे फारसे काही नव्हते. आईने कोठीत हात घातला. अठराशे रुपये निघाले. पाच-दहाच्या नोटा आणि खुर्दा मिळून. तांदळाचा भुसा लागलेल्या त्या नोटा दवाखान्यातील कारकून मोजीत होता तेव्हा मी शेजारी उभा होतो. एवढे पैसे कधी साठवलेस, असे वडिलांनी तिला नंतरही विचारले नाही.

या चित्रात रंग जास्त भरू नयेत, हे मला मान्य आहे. सर्वच घरांत पगार देवापुढे येत नव्हता. गिरणगावात पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी बायका येऊन उभ्या राहत. कारण वाटेतच गुत्ता आणि व्याजवाला होता. कित्येक घरांत नवरा रोजच्या भाजीपुरते मोजून पैसे देई आणि संध्याकाळी हिशेब मागे. तरीसुद्धा त्या काळच्या पैशाच्या अंगी एक गुण होता, तो त्याच्या जडपणाचा. तो डोळ्यांना दिसे, हाताला लागे, आणि एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यावर मागे खूण ठेवीत नसे. ज्याच्या हातात असेल त्याचा तो होई. स्वतःची मिळकत नसलेल्या बाईला रोख पैशाने जे स्वातंत्र्य दिले ते या गुणामुळे दिले. कोणाच्या औदार्यामुळे नव्हे.

कायद्याने हा जडपणा एके काळी मुद्दाम जपला होता. १९३६ च्या वेतनविषयक कायद्यात मजुरी चलनी नाण्यांत वा नोटांत द्यावी असे बंधन होते. मजुराला पैशाऐवजी धान्याच्या वा दुकानाच्या चिठ्ठ्या देऊन कोणी नाडू नये, हा त्यामागील हेतू. १९७६ साली कामगाराच्या लेखी संमतीने धनादेशाने वा खात्यात वेतन देण्याची मुभा मिळाली आणि २०१७ च्या दुरुस्तीने त्या संमतीचीही गरज राहिली नाही. सरकारी व निमसरकारी नोकरांचे पगार त्याच्या आधीच बँकेत जमा होऊ लागले होते. वेतन खात्यात जमा होणे हे कामगाराच्या दृष्टीने निश्चितच सुरक्षित आहे. परंतु ज्या दिवशी पगाराचे पाकीट गेले त्या दिवशी तो देवापुढे ठेवण्याचा आणि तेथून उचलण्याचा विधीही गेला. खाते नवऱ्याचे, कार्ड नवऱ्याचे. मागण्याचा प्रसंग आता बायकोवर आला. मुंबईत देशातील पहिले एटीएम १९८७ साली सुरू झाले. पुढे ती यंत्रे गावोगाव पोचली, आणि ‘जरा पैसे काढून आणता का’ हे वाक्य मध्यमवर्गीय गृहिणीच्या तोंडी आले. तरी काढून आणलेले पैसे एकदा हातात पडले की डब्याची वाट मोकळी होती.

पैसा कोणामार्फत आला

कुटुंब हा एकजीव घटक आहे, घरातील पैसा कोणाच्याही हाताने आला तरी तो एकाच हौदात पडतो, असे अर्थशास्त्र बराच काळ मानीत आले. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ साली कुटुंबावर लिहिलेल्या ग्रंथात घरचा कर्ता उदार असल्यास सर्वांचे हित आपोआप एका दिशेस वळते, अशी मांडणी केली. अमर्त्य सेन यांनी १९९० च्या आपल्या एका निबंधात निराळे चित्र रंगवले. कुटुंबात सहकार असतो आणि त्याच वेळी हितसंबंधांचा झगडाही असतो. त्या झगड्यात कोणाचे पारडे जड, हे कुटुंब मोडले तर कोणाच्या पदरी काय उरेल यावर आणि घरासाठी कोण किती करतो याविषयीच्या समजुतीवर ठरते, असे त्यांचे म्हणणे. आपल्या घरांतील अनुभव या दोहोंपैकी कोणाच्या बाजूने साक्ष देतो, हे वाचकांनीच ठरवावे.

प्रत्यक्ष पुरावा ब्रिटनमध्ये मिळाला. तेथे मुलांसाठी मिळणारी करसवलत पूर्वी बहुधा बापाच्या पगारात दिसे. १९७७ ते १९७९ या काळात ती टप्प्याटप्प्याने काढून तेवढी रक्कम रोख स्वरूपात आईला देण्यात येऊ लागली. घरात येणारा एकूण पैसा जवळजवळ तेवढाच. फक्त हात बदलला. लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स यांनी १९९७ साली या काळातील घरखर्चाचे आकडे तपासले, तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेने स्त्रियांच्या व मुलांच्या कपड्यांवरील खर्च वाढल्याचे दिसून आले. हौद एकच असता तर असे घडते ना. पैसा कोणामार्फत आला, यावर तो कशावर खर्च होणार हे काही अंशी ठरते, ही गोष्ट आमच्या आयांना कोणताही ग्रंथ न वाचता माहीत होती.

नोव्हेंबर २०१६ नंतर

डब्याला पहिला मोठा धक्का ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री बसला. पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याच्या हिशेबाने चलनातील सुमारे ८६ टक्के पैसा एका रात्रीत कागद ठरला. काळा पैसा उघडा पडेल अशी अपेक्षा होती. उघडा पडला तो घराघरांतील कोपऱ्यातला पैसा. तांदळाखालून, गादीच्या खोळीतून, देव्हाऱ्यामागून, जुन्या पैठणीच्या घडीतून नोटा निघाल्या आणि त्या नवऱ्याच्या वा मुलाच्या हाती देऊन बँकेत भरून घेण्यावाचून बायकांना गत्यंतर उरले नाही. त्या दिवसांत यावर विनोद पुष्कळ झाले. ‘आमच्या हिच्याकडे एवढे निघाले’ असे लोक हसत सांगत होते. मीही हसलो होतो. ज्यांचे उघड झाले त्या मात्र हसताना मला दिसल्या नाहीत. वर्षानुवर्षे सांभाळलेली आपल्या मालकीची एकमेव गोष्ट त्यांना जाहीर करावी लागली होती, आणि जाहीर झाल्यावर ती ‘घरची’ झाली. कर खात्याच्याही त्यावर शंका आल्याच. गृहिणीने नोटाबंदीच्या काळात भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम तिचे उत्पन्न धरू नये, असा निवाडा आग्र्याच्या प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०२१ साली दिला. बचत हीदेखील गृहिणीच्या श्रमाची फलश्रुती असते, हे तत्त्व सरकारदरबारी नोंदले गेले ते असे, प्राप्तिकराच्या भांडणात.

त्याच वर्षी यूपीआय आले. या व्यवस्थेच्या गुणांविषयी दुमत नाही. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात तिच्याद्वारे दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीच्या गाडीवर, रिक्षात, देवळाच्या दानपेटीवर, सर्वत्र तो चौकोनी काळापांढरा कोड चिकटवलेला असतो. सुट्या पैशांची कटकट संपली. परंतु याच सुट्या पैशांतून डबा भरत होता, ही बाब कोणाच्या ध्यानात आली नाही. साठ रुपयांची भाजी पन्नासात मिळाली तर उरलेले दहा रुपये पूर्वी बाईच्या मुठीत राहत. आता ते नवऱ्याच्या खात्यात राहतात. बचत तिची आहे, शिल्लक त्याची.

आणि प्रत्येक व्यवहाराची वर्दी जाते. फसवणुकीपासून ग्राहकाचे रक्षण व्हावे म्हणून खात्यातील व्यवहाराची सूचना मोबाइलवर पाठवण्यासाठी ग्राहकांची सक्तीने नोंदणी करावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना बजावले. सूचना अत्यंत योग्य होती. मात्र संयुक्त खात्यावर क्रमांक बहुधा नवऱ्याचा नोंदलेला असतो. चोरावर नजर ठेवण्यासाठी निर्माण झालेली ही व्यवस्था घरात बायकोवर नजर ठेवू लागली. तेही कोणी तसे ठरवल्यावाचून.

येथे मला स्वतःविषयी सांगितले पाहिजे, कारण दुसऱ्याचे उदाहरण देणे सोपे असते. आमचे खाते संयुक्त आहे. पत्नी नोकरी करीत नाही. तिच्या मोबाइलवरून ती याच खात्यातून पैसे देते आणि त्याची वर्दी माझ्या मोबाइलवर येते. एके दुपारी तासिका संपवून मी अध्यापककक्षात आलो तो अडीचशे रुपये गेल्याचा संदेश आलेला. संध्याकाळी चहा घेताना मी सहज विचारले, “ते अडीचशे कसले गं?” माझ्या मनात संशय नव्हता. आकडा दिसला म्हणून विचारले, एवढेच. कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीला वह्या घेऊन दिल्याचे तिने सांगितले, आणि थोडे थांबून म्हणाली, “अहो, बाबांनी आईंना असं कधी विचारलं होतं का हो?” मला उत्तर देता आले नाही. पुढच्या महिन्यापासून मी पाहतो आहे, ती पहिल्या आठवड्यात एटीएममधून दोन हजार रुपये रोख काढते. त्याचीही वर्दी मला येते. पुढचे मला कळत नाही, आणि मी विचारीत नाही.

मी कंजूष वा संशयी नाही, असे माझे स्वतःविषयीचे मत आहे. मुद्दा तोच आहे. माझे वडील माझ्याहून अधिक समंजस होते असे नाही. त्यांना विचारण्याची संधीच नव्हती. मला यंत्राने ती दिली, आणि मिळालेली संधी माणूस सहसा सोडत नाही. जेथे नवरा मुळातच हिशेबी वा जाचक असेल, तेथे ही यंत्रणा काय करीत असेल, याची कल्पना करावी.

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘यूपीआय सर्कल’ नावाची सोय सुरू झाली. खातेदाराने घरातील दुसऱ्या माणसाला आपल्या खात्यातून पैसे देण्याचा अधिकार द्यावयाचा, अशी ती योजना आहे. तिचे दोन प्रकार आहेत. पूर्ण अधिकारात महिन्याला पंधरा हजारांची मर्यादा. मर्यादित अधिकारात प्रत्येक व्यवहारापूर्वी मूळ खातेदाराने होकार द्यावयाचा. ज्यांचे स्वतःचे खाते नाही अशा वृद्धांना व मुलांना ती उपयोगी पडेल यात शंका नाही. परंतु कोथिंबिरीची जुडी घेण्यासाठी एखादी प्रौढ स्त्री नवऱ्याच्या होकाराची वाट पाहत गाडीपाशी उभी आहे, हे दृश्य मला प्रगतीचे वाटत नाही.

दुसरी बाजू

तंत्रज्ञान म्हणून तंत्रज्ञानाला दोष देणारा हा लेख आहे, असा समज होऊ नये. डब्यातील पैसा उंदीर खातात, चोर नेतात आणि महागाई तर रोजच कुरतडते. त्याला व्याज नाही. आईच्या अठराशे रुपयांनी त्या रात्री जे केले ते आज अठराशे रुपयांनी होणार नाही. खाते हा डब्याहून निःसंशय चांगला डबा आहे. अट एवढीच, की तो तिचा असावा. मध्य प्रदेशाच्या उत्तर भागात रोजगार हमीवर काम करणाऱ्या बायकांची मजुरी घरच्या पुरुषाच्या खात्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा करण्याचा आणि ते खाते वापरावयास शिकवण्याचा एक प्रयोग अर्थशास्त्रज्ञांनी केला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. या बायकांचे कामावर जाण्याचे प्रमाण वाढल्याचे त्यात आढळले. तंत्र तेच, हात वेगळा, म्हणून परिणाम वेगळा.

आपल्याकडे जनधन योजनेपासून, म्हणजे २०१४ पासून, स्त्रियांच्या नावे खाती पुष्कळ उघडली गेली. परंतु खाते आणि ते चालवण्याचे साधन यांत अंतर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ७९ टक्के स्त्रिया स्वतः वापरतात असे त्यांचे बँक खाते होते. स्वतः वापरतात असा मोबाइल मात्र ५४ टक्क्यांकडेच होता. मधल्या बायकांचा पैसा त्यांच्या नावावर असतो आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. २०२४ साली महाराष्ट्रात लाडक्या बहिणींच्या खात्यांत दरमहा दीड हजार रुपये येऊ लागले. त्या योजनेच्या राजकारणात आणि राज्याच्या तिजोरीवरील भारात मी येथे शिरत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण रक्कम थेट स्त्रीच्या खात्यात, हे तिचे तत्त्व मला योग्य वाटले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा स्त्रीच्या आधारपत्राबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधाराचीही पडताळणी मागण्यात आली. उत्पन्नाची मर्यादा तपासायची तर ते एका अर्थी समजण्याजोगे आहे. तथापि तिच्या पैशापर्यंतची वाट पुन्हा एकदा त्याच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीतून गेली, आणि नवऱ्याने टाकलेल्या वा विधवा झालेल्या बायका त्या वाटेवर अडखळल्या.

यावर एक आक्षेप हमखास येईल. नवराबायकोत लपवाछपवी हवीच कशाला? सारे उघड असणे हे चांगल्या संसाराचे लक्षण नव्हे काय? माझे काही सहकारी असे म्हणतातही. परंतु उघडेपणा दोन्ही बाजूंनी असेल तर तो विश्वास. एकाच बाजूने असेल तर तो हिशेब तपासणे होय. माझ्या चहापाण्याच्या खर्चाची वर्दी पत्नीच्या मोबाइलवर जात नव्हती आणि ती जावी असे मला कधी सुचलेही नव्हते. जो मिळवतो तो विचारतो, जी मिळवीत नाही ती उत्तर देते, हा न्याय आपण गृहीत धरून चाललो आहोत. वस्तुतः ‘मिळवीत नाही’ हेच खरे नाही. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. सुमारे पाच तासांच्या या बिनपगारी कामावर आमचा पगारी दिवस उभा असतो. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली गृहिणीच्या या श्रमाच्या आधारे मिळकतीत तिचा वाटा मान्य केला. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी एका पोटगीच्या निकालपत्रात, नोकरी न करणाऱ्या पत्नीला संयुक्त खाते वा एटीएम कार्ड देऊन आर्थिक आधार देण्याची गरज पतींनी ओळखावी, असे नमूद केले. माझ्या अनुभवावरून मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते, की संयुक्त खाते पुरेसे नाही. तिचे स्वतंत्र खाते असावे, त्याला तिचाच मोबाइल क्रमांक जोडलेला असावा आणि दरमहा ठरलेली रक्कम पगाराच्या दिवशीच त्यात वळती व्हावी. ती मागावी लागू नये, आणि तिचा हिशेब विचारला जाऊ नये. बँकेला एकदा तसे लिहून दिले की हे काम यंत्र बिनचूक करते. जुन्या कागदपत्रांत चोळीबांगडीची नेमणूक असे, तिचाच हा नवा अवतार म्हणावा. आम्ही दोघांनी गेल्या एप्रिलपासून तसे केले आहे. ती तरीही थोडी रोकड काढतेच, असे दिसते. निदान मला तसे वाटते, कारण आता वर्दी येत नाही.

माझी आई आमच्याजवळच असते. तिला मोबाइल वापरता येत नाही. गेल्या भाऊबीजेला मामांनी त्यांच्या मुलाकडून ओवाळणीचे पाचशे एक रुपये पाठवले; ते अर्थातच माझ्या खात्यात आले. मी तिला मोबाइलवरचा आकडा दाखवला. चष्मा लावून तिने तो नीट पाहिला आणि विचारले, “हे तुझ्याकडं आले. मग मला कधी मिळायचे?” मी खाली जाऊन रोख पैसे आणले. सुटा रुपया कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घ्यावा लागला. तिने ते मोजले, पदराच्या टोकाला बांधले आणि आत कोठीच्या खोलीकडे गेली.